डिस्कवरचं कुंकू

गाडी चांगली चालली की ती 'आमच्या श्रीमंतची गाडी' असायची आणि खडखडली की 'तुमची गाडी' व्हायची. साखराबाईंनी हा फरक काही ठरवून केलेला नव्हता. निलंग्याला व्याह्यांना फोन लावायचा म्हटलं की त्या पदर सावरत, घसा खाकरत आणि सुरू करत, "अप्पा, तुमच्या गाडीचं काय तरी बघा की. पोरगं कालिजात निघालं की लोक वळून बघायलेत, इतका आवाज यायलाय."

पलीकडून गुंडप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं. "येतो की, अक्का. उद्याच येतो."

श्रीमंत तेव्हा आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत असायचा. त्याला सगळं ऐकू यायचं. तो इस्त्री थोडी जोरात दाबायचा, एवढंच.

चाकूरच्या ज्युनिअर कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता. आरतीशी त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि मोटारसायकल त्या लग्नातली होती. ती त्याने मागितली नव्हती. हे तो मित्रांना सांगायचा, कॉलेजातल्या सरांना सांगायचा, कधी कधी स्वतःलाही सांगायचा. ते खरंही होतं. बैठकीत गुंडप्पांनीच आपणहून विषय काढला होता, "पोरीला म्हायेरी यायला-जायला बरं पडंल." त्या वेळी श्रीमंत सतरंजीच्या रेघा बघत बसला होता. त्याने गाडी मागितली नव्हती आणि नको असंही म्हटलं नव्हतं.

गुंडप्पांची निलंग्यात पिठाची गिरणी. कितीही धुतलं तरी कानांच्या पाळीमागे थोडं पीठ राहूनच जायचं. लातूरच्या शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना तिथल्या रिवाजाप्रमाणे पुठ्ठ्याची हातभर चावी धरून फोटो काढला, त्या फोटोतही ते पीठ दिसतं. फोटोच्या मध्ये श्रीमंत, शेजारी साखराबाई, मग वैजनाथकाका, आरती, आणि अगदी कडेला, अर्धा खांदा कापलेला, असे गुंडप्पा. फोटो झाल्यावर त्यांनी भीत भीत विचारलं होतं, "पूजेला येऊ का मी चाकूरला?"

साखराबाई म्हणाल्या होत्या, "न्हाई हो अप्पा. देणाऱ्यानं मागं वळून बघू नये म्हणतेत. नजर लागती."

असं कोण म्हणतं, कुठं म्हणतं, हे कुणीच विचारलं नाही. गुंडप्पा हसले आणि निलंग्याच्या एसटीत जाऊन बसले.

नव्या गाडीच्या तक्रारी तशा बारीकसारीकच होत्या. आधी उजव्या बाजूचं झाकण थरथरायला लागलं. मग इंडिकेटरचं बटण एका बाजूला अडकून बसायला लागलं. सरळ रस्त्याने चाललेला श्रीमंत बघणाऱ्याला सतत डावीकडे वळणारा वाटायचा. मग टाकीखाली रंगाला फोड आला. सगळं वॉरंटीत बसत होतं. लातूरला गाडी न्यायची, नोंद करायची, दुपारपर्यंत थांबायचं, गाडी परत आणायची. कागदावर मोबाइल नंबर गुंडप्पांचा होता, म्हणून कामाची नोंद करताना त्यांच्या फोनवर ओटीपीचे आकडे यायचे. ते आकडे फोनवरून सांगितले तरी भागलं असतं. शोरूममधला मुनीब, जो गाड्या तपासून दुरुस्तीला लावायचा, त्याने तसं सांगितलंही होतं.

"चाचा, तुम्ही निलंग्याहून कशाला येता? फोनवर नंबर सांगा, बस झालं."

"आसू द्या," गुंडप्पा म्हणाले होते. "तुमच्या मालकाची भन आमच्याच गिरणीत दळण आणती. मी हुबा राहिलो की काम नीट हुतंय."

मालक काचेच्या खोलीतून एकदाही बाहेर आले नव्हते.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते श्रीमंतला ठाऊक होतं. साखराबाईंनी फोनवर एकदा म्हटलं होतं, "ज्यानं दिली त्यानं निस्तरावं, न्हाई का अप्पा?" तेव्हापासून गुंडप्पा प्रत्येक वेळी गिरणी बंद ठेवून यायचे. एसटीतून उतरायचे, चालत शोरूम गाठायचे आणि दुरुस्तीच्या शेडच्या शटरजवळ आखलेल्या पिवळ्या पट्ट्यापाशी उभे राहायचे. ग्राहकांनी पट्ट्याच्या आत यायचं नाही, असा नियम होता. श्रीमंत आत थंड खोलीत सोफ्यावर मोबाइल बघत बसायचा. मध्येच मान वर केली की काचेतून त्याला सासऱ्यांची पाठ दिसायची. त्यांनाही आत बोलवावं, असं त्याला दर वेळी वाटायचं. पण बोलावलं तर ते शेजारी बसणार, आणि मग बोलायचं काय, म्हणून तो पुन्हा मोबाइलमध्ये मान घालायचा.

मग ब्रेकचं सुरू झालं. पुढचा ब्रेक हलका दाबला की हँडल थरथरायचं. पहिले काही दिवस श्रीमंतने मनावर घेतलं नाही. नवा ब्रेक आहे, बसेल हळूहळू. पण थरथर वाढत गेली. एकदा साखराबाई मागे बसलेल्या असताना बाजारातल्या गर्दीत त्याने ब्रेक दाबला आणि त्यांच्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी वाट पाहिली नाही. रस्त्यातच फोन लावला.

"अप्पा, तुमची गाडी जीव घेती का काय आमचा?"

दुसऱ्या दिवशी सासरे-जावई पुन्हा लातूरला. या वेळी मुनीबने दोघांनाही पिवळ्या पट्ट्याच्या आत बोलावलं, कारण दाखवण्यासारखं काहीतरी होतं. गाडी उंच फळीवर चढवलेली होती. मुनीबने पुढच्या चाकाजवळ घड्याळासारखं एक यंत्र लावलं आणि चाक हाताने हळू फिरवलं. यंत्राचा काटा एका जागी आला की झुकायचा, पुन्हा सरळ व्हायचा.

"ब्रेकची डिस्क वाकलीय," मुनीब म्हणाला.

"तशीच आली असंल कंपनीतनं," गुंडप्पा म्हणाले.

"न्हाई चाचा. गाडी देताना मी स्वतः चालवून बघतो. ही मार लागून वाकलीय. आधी थोडी वाकती, मग ब्रेक मारून मारून थरथर वाढत जाती. माल खराब निघाला तर कंपनी बदलून देती. मार लागला तर न्हाई देत."

गुंडप्पा जावयाकडे वळले. आवाज अगदी खाली आणून, जणू विचारण्याचाच अपराध होत असावा तसं, त्यांनी विचारलं, "जावईबापू, कुठं आपटली-बिपटली का? खड्ड्यात, दगडाला?"

"नाही," श्रीमंत म्हणाला. आणि तेव्हा त्याला खरोखरच तसं वाटत होतं. "कुठंच नाही."

एवढं उत्तर गुंडप्पांना पुरलं. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली, गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी बाहेर काढली आणि तिच्यावर उजवा हात ठेवला. डबी झिजून गुळगुळीत झाली होती.

"हे बघा भैया. इष्टलिंगावर हात ठेवून सांगतो. या गाडीला कशाचाबी मार लागलेला न्हाई. आमचे जावई खोटं बोलणारे न्हाईत."

"चाचा, असं नका करू," मुनीब गडबडला. "मी काय कोर्ट हाय का?"

"न्हाई, पण तुमाला पटाया पाहिजे."

मुनीबने कपाळ पुसलं. मग तो म्हणाला, "ठीक हाय. मी फोटो काढून पाठवतो. गिऱ्हाईक शपथेवर सांगतंय, मार लागलेला न्हाई, असं माझ्या नावानं लिहितो. पुढल्या आठवड्यात नांदेडहून कंपनीच्या इंजिनिअर मॅडम येणार हायेत, त्या बघतील. माझं पण नाव त्यात गुतलंय चाचा, ध्यानात ठेवा."

त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि डिस्कचे फोटो काढायला वाकला. "पूजा झालीय वाटतं. कुंकू हाय अजून," तो सहज बोलून गेला.

श्रीमंतने पाहिलं. डिस्कला हवा खेळायला गोल भोकं असतात. त्यांतल्या दोन-तीन भोकांच्या कडेला कुंकू वाळून घट्ट बसलं होतं, काळपट लाल. आणि तेव्हाच त्याला सगळं आठवलं.

चाकूरला घरासमोर पूजा झाली होती. नारळ फोडायचा मान वैजनाथकाकांचा, श्रीमंतच्या चुलत्यांचा. त्यांच्या घरात आजवर जी वाहनं आली त्यांना लोखंड असायचंच: आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर. बैलगाडीचा नारळ चाकाच्या धावेवर फुटायचा, ट्रॅक्टरचा पुढच्या वजनाच्या ओंडक्यावर. वाहनाचा नारळ लोखंडावर फुटला पाहिजे, भुईवर फोडायला ही काय देवळाची पायरी आहे, असं काकांचं म्हणणं. त्यांनी नव्या गाडीभोवती एक फेरी मारली. जिकडे हात लावावा तिकडे प्लास्टिक. "आरं, ह्याच्यात लोखंड कुठाय?" म्हणत त्यांनी पुढच्या चाकाची चकचकीत चकती शोधून काढली होती. पहिला घाव घसरला. दुसऱ्याने नारळ नुसता तडकला. "दम धर," म्हणत काकांनी तिसरा घाव खांद्यापासून घातला, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं आणि लोक हसले. श्रीमंतही हसला होता. गाडी हलू नये म्हणून हँडल त्यानेच धरलं होतं आणि तिन्ही घाव त्याच्या मनगटांत आले होते. मग काका म्हणाले होते, "आरती, जिथं फुटला तिथं कुंकू लाव," आणि हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या आरतीने बोट टेकवलं होतं.

गुंडप्पा शर्टाची बटणं लावत होते. श्रीमंतने तोंड उघडलं. पण 'नाही' म्हणून अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. मुनीब फोटो काढत होता. सासऱ्यांचा हात छातीवरून नुकताच खाली आला होता. आत्ता सांगायचं म्हणजे तो हात खोटा पाडायचा. बाहेर गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. बाहेर गेल्यावर गुंडप्पांनी उसाचा रस घेतला, जावयाचा पेला आधी भरायला लावला आणि म्हणाले, "तुमी काळजी करू नका. मॅडम आल्या तर त्यांनाबी सांगतो." श्रीमंतने रस प्यायला.

घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं. साखराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

"मग? त्यांनी काय मुद्दाम शपथ घेतली का खोटी? त्यांना माहीतच न्हाई, तर पाप कसलं? तू गप बस."

वैजनाथकाका ओसरीवर होते. ते खो खो हसले. "नारळानं लोखंड वाकतंय व्हय? आरं, नारळानं वाकतंय त्याला गाडी म्हणायची का पापड? तुझ्या सासऱ्यानंच हलका माल घेतला, दुसरं काय!"

श्रीमंत आत गेला. आरती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मी ऐकलं."

"तुला आठवतं का, नारळ..."

"मीच तर कुंकू लावलं." तिने घडी खाली ठेवली. "काल अक्का घरी येऊन सांगत होत्या तेव्हाच माझ्या मनात आलं. पुढचा ब्रेक म्हटल्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? अप्पांना? सासरच्या माणसांचं नाव घेऊ नको म्हणाले असते. आणि तुम्हाला सांगायचं म्हणजे... हँडल तर तुम्हीच धरलं होतं. मला वाटलं, तुमच्या ध्यानात असेल. तुम्ही बोलाल."

एवढं बोलून तिने पुन्हा घड्या घालायला घेतल्या. त्यानंतरच्या आठवड्यात ती त्याच्याशी कमी बोलली असं नाही. डबा दिला, पाणी तापवलं, कॉलेजातलं विचारलं. गाडीचा विषय मात्र तिने काढला नाही. घरात देवघराच्या कोनाड्यात श्रीमंतचं स्वतःचं इष्टलिंग एका डबीत होतं. कॉलेजात शिकत असताना होस्टेलवरची मुलं विचारतात म्हणून त्याने ते काढून ठेवलं होतं, ते राहूनच गेलं. त्या आठवड्यात त्याने त्या कोनाड्यासमोर उभं राहायचं टाळलं.

नांदेडहून मॅडम येणार त्या दिवशी गुंडप्पा शोरूमवर त्याच्याआधी पोहोचले होते. पांढरं धुवट धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत ज्वारीचं पीठ होतं, गिरणीवर सकाळीच काढलेलं. बाहेरून हात लावला तरी कोमट लागत होतं.

"मॅडमसाठी आणलंय," ते हळूच म्हणाले. "लाच म्हणू नये कुणी. नांदेडला असं पीठ मिळत न्हाई म्हणून."

"अप्पा, मला तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोलू की मागून. आधी हे होऊ द्या." ते पिवळ्या पट्ट्याकडे बघत होते. "खरं सांगू का जावईबापू, त्या दिवसापासून मला नीट जेवण जाईना. इष्टलिंगाला हात लावून मी कधी शपथ घेतली नव्हती. गिरणीत वजनावरनं भांडणं हुतेत, लोक आईबापावर जातेत, तरीबी घेतली न्हाई. पण तुमच्याबद्दल घेतली. तर आता ती खरी व्हावी, एवढंच वाटतंय."

श्रीमंतला हे ऐकायचं नव्हतं. ऐकल्यावर सांगणं आणखी अवघड झालं, आणि न सांगणं तर शक्यच राहिलं नाही. तो काही बोलणार तोच मुनीबने हात केला.

मॅडमचं नाव मनिषा. केस मागे घट्ट बांधलेले, पायात जाड बूट, हातात टॅब. त्यांनी कुणाचं काही न ऐकता आधी चाक फिरवलं, डिस्क बोटाने चाचपली, मुनीबने काढलेले फोटो पाहिले. मग विचारलं, "गाडी कुणाची?"

"आमच्या जावयांची," गुंडप्पा पुढे झाले. "मॅडम, मी सांगतो. मार लागलेला न्हाई. मी आधीबी सांगितलं..."

"काका, चालवतं कोण?"

"मी," श्रीमंत म्हणाला.

"मग तुम्ही बोला ना. ते का बोलतायत?"

साधा प्रश्न होता. तेवढ्याच साधेपणाने विचारलेला. पण इतके दिवस तो कुणीच विचारला नव्हता.

"मार लागलाय," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. शेजारच्या गाडीवर वाकलेला कामगारही वळून बघायला लागला. "पूजेला नारळ फोडला. डिस्कवर. तीन घाव घातले. मी हँडल धरलं होतं."

मनिषा मॅडमनी टॅब खाली घेतला. "डिस्कवर?"

"हो. लोखंड तेवढंच दिसलं म्हणून."

मुनीबच्या तोंडून "या अल्लाह" निघालं, अगदी हळू. मॅडम त्याच्याकडे वळल्या. "मग तुम्ही हे काय लिहून पाठवलंत? मार लागलेला नाही म्हणून?" मुनीबने खाली मान घातली.

आणि तेव्हा गुंडप्पा पुन्हा पुढे झाले. जावयाच्या आणि मॅडमच्या मध्ये, जसं कुणी मारामारीत मध्ये पडतं तसे.

"मॅडम, ह्या पोरावर रागवू नका. जावयांचीबी चूक न्हाई. नारळ मीच फोडला हुता."

"तुम्ही?"

"हाव. मीच. आमच्या गिरणीवर लोखंडावर फोडायची सवय, तसाच हितं फोडला. अन् इसरलो बघा. वय झालं. जावईबापू मला वाचवाया बघायलेत."

त्यांचा उजवा हात सवयीने छातीकडे गेला. सदऱ्यापर्यंत पोहोचला, तिथे थोडा थांबला आणि डबीला न लागता खाली आला. ते श्रीमंतने पाहिलं. मुनीबनेही पाहिलं असावं, कारण त्याने नजर दुसरीकडे वळवली.

गप्प बसलं असतं तर ते तिथेच मिटलं असतं. म्हाताऱ्या माणसाचं विसरणं कुणी मनावर घेत नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर हसूही यायला लागलं होतं. कोथिंबिरीची जुडी, इंडिकेटर, रंगाचा फोड, सगळं जसं आजवर गुंडप्पांच्या खात्यावर गेलं तसंच हेही गेलं असतं, आणि त्यांनी ते हसत घेतलं असतं.

"अप्पा," श्रीमंत म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी नव्हता."

"हुतो की. तुमाला आठवत न्हाई."

"नव्हता. तुम्ही येऊ का म्हणून विचारलं होतं. आम्ही तुम्हाला बोलावलंच नाही."

गुंडप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. चोरी त्यांचीच पकडली गेली असावी तशी त्यांची नजर झाली आणि मग ती हातातल्या पिशवीकडे गेली. पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. मनिषा मॅडमनी टॅबवर काहीतरी लिहिलं आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं, की डिस्क वॉरंटीत बसत नाही, विकत घेऊन बदलावी लागेल; बाकीचं किरकोळ काही असेल तर ते मात्र करून देऊ.

"मी भरतो," श्रीमंत म्हणाला. "आणि कागदावरचा नंबर बदला. माझा लिहा."

डिस्क शोरूममध्ये नव्हती, मागवावी लागणार होती. गाडी पुढच्या चाकाशिवाय तिथेच राहिली. श्रीमंत बाहेर पडताना मुनीबने त्याला गाठलं. हेल्मेट विसरलं होतं ते हातात दिलं.

"साहेब, एक बोलू? मी चाचांच्या शपथेवर लिहिलं. तुमच्या एकट्याच्या बोलण्यावर लिहिलं नसतं."

श्रीमंतने मान हलवली.

गुंडप्पा बाहेरच्या नळावर तोंड धूत होते. धोतराच्या सोग्याने तोंड पुसत म्हणाले, "चला, एसटी स्टँडपस्तोर चालत जाऊ." अर्धी वाट मागे पडली. मग गुंडप्पाच बोलले, पिठाच्या भावाबद्दल बोलावं तसे.

"मठात जावं लागंल. स्वामींना सांगावं लागंल. दोन खोटं झालं. एक चुकून बोललो, एक जाणून."

"चुकून झालं ते माझ्यामुळं."

"शपथ तर मी घेतली."

"पण जाणून कशाला बोललात अप्पा? मी सांगितलं होतं ना खरं."

"चार लोकांत जावयाची मान खाली गेली तर पोरीचीबी जाती." ते चालता चालता थांबले. "एक करा. हे आरतीला नका सांगू. नारळाचं. उगं तिच्या जिवाला लागंल."

श्रीमंतला खोटं बोलता आलं असतं. बरं वाटलं असतं म्हाताऱ्याला.

"तिला माहीत आहे अप्पा. पहिल्यापासून."

गुंडप्पांनी काही विचारलं नाही. कधीपासून, मग मला का नाही, काहीच नाही. त्यांच्या सीमेवरच्या गावात घरात अर्धं बोलणं कन्नडमध्ये चालायचं. मनाला लागलं की ते त्याच भाषेत जायचे. "इरली," ते स्वतःशीच म्हणाले, असू दे, आणि पुढे चालू लागले. पाऊल मात्र पहिल्यासारखं पडत नव्हतं.

स्टँडवर निलंग्याची गाडी लागलेलीच होती. "मी येतो तुमच्याबरोबर निलंग्याला," श्रीमंत म्हणाला. "मठात मीही येतो. सांगतो स्वामींना."

"न्हाई. तुमची चाकूरची गाडी त्या तिकडं लागती, बघा." गुंडप्पांनी हात करून दाखवलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर श्रीमंतला बरं वाटलं असतं. त्यांनी 'अरे श्रीमंत' म्हणावं, चार शिव्या द्याव्यात, असं त्याला त्या क्षणी फार वाटलं. पण ते म्हणाले, "जावईबापू, सांभाळून जावा," आणि पिठाची पिशवी त्याच्या हातात दिली. "मॅडमला द्यायचं राहिलं. घरी न्या. आरतीला भाकरी आवडती या पिठाची."

चाकूरला पोहोचला तेव्हा साखराबाई दारातच होत्या. त्याला चालत येताना पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"गाडी कुठाय? झाली न्हाई का नीट तुमची... त्यांची गाडी? थांब, लावते अप्पांना फोन."

"फोन ठेव," श्रीमंत म्हणाला. "आपली गाडी आहे. आपल्याच नारळानं मोडली. तिथं सगळ्यांसमोर सांगून आलोय मी. आता पुन्हा गाडीसाठी त्यांना फोन गेला तर ती गाडी मी निलंग्याला नेऊन उभी करीन."

"हळू बोल की! शेजारी ऐकायलेत."

ओसरीवरचे वैजनाथकाका काहीतरी चेष्टेचं बोलायला सरसावले, पुतण्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तंबाखूची पुडी उघडून बसले.

आरती आतून आली. तिने पिशवी ओळखली. हातात घेऊन तिने तळाशी हात लावून पाहिला. पीठ कधीच गार झालं होतं.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"अप्पा काय म्हणाले?"

श्रीमंतने उंबऱ्याकडे बघत उत्तर दिलं. "नारळ मीच फोडला, म्हणाले."

आरती उंबऱ्यावरच बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली. तिची गाठ सोडायला गेलेली बोटं गाठीवरच थांबली. स्वयंपाकाची वेळ झाली होती, चुलत सासरे ओसरीवर होते, साखराबाई दारात होत्या, आणि कुणीही तिला उठ म्हणालं नाही.